वाळूवरच्या वळ्यांचा स्वेटर : कामाच्या नोंदी

४ सप्टेंबर

वाऱ्याने कोरड्या वाळूवर उमटतात त्या बारीक वळ्या स्वेटरच्या अंगावर उतरवायच्या, हे काम आज हाती घेतले. जवळच्या फोटोंपैकी सहा निवडले. त्यांतल्या तीन फोटोंत वाळूवर पट्टी ठेवलेली असल्यामुळे मापे मिळाली : दोन वळ्यांमधले अंतर सात ते नऊ सेंटीमीटर, उंची जेमतेम एक सेंटीमीटर. वळीची एक बाजू सावकाश चढते आणि दुसरी एकदम खाली येते. फोटो मोठे करून पाहिल्यावर मात्र माझे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. वळ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जात नाहीत. एखादी मध्येच विरून जाते, एखादीला फाटा फुटतो, आणि शेजारच्या दोघी मोकळी झालेली जागा भरून काढायला जवळ सरकतात. हे साधले नाही तर स्वेटर नुसता आडव्या पट्ट्यांचा दिसेल.

लोकर रंग न दिलेली, मेंढीच्या मूळ रंगाचीच घेतली आहे : गडद तपकिरी, मध्यम तपकिरी, फिकट करडी आणि पांढरी अशा चार छटा, ५० ग्रॅमला २०० मीटर. दोन धागे एकत्र धरून ४ मिलिमीटरच्या गोल सुईवर विणायचे. दोन छटांची जोडी बदलत गेले की गडद-गडदपासून पांढऱ्या-पांढऱ्यापर्यंत सात पायऱ्या मिळतात. ओली वाळू गडद, कोरडी फिकट. म्हणून गडद बाजू खाली काठाशी आणि पांढरी खांद्यांवर राहील. साध्या सुलट विणीत १० सेंटीमीटरला २२ टाके आणि ३० ओळी बसतात. त्या हिशेबाने ४५० ग्रॅम लोकर पुरावी, म्हणून नऊ गुंडे घेतले. हा हिशेब पुढे पार कोलमडला.

१२ सप्टेंबर

आठ दिवस आणि चौदा तासांचे विणकाम वाया गेले. फोटोतल्या छाया आलेख कागदावर उतरवून दोन रंगांत विणण्याचा माझा पहिला बेत होता. स्कॉटलंडजवळच्या फेअर आइल बेटाच्या पद्धतीत एका ओळीत दोनच रंग असतात आणि ज्या रंगाची पाळी नसते तो धागा मागून मोकळा नेला जातो. तिथल्या पारंपरिक नमुन्यांत रंग दर चार-पाच टाक्यांनी बदलतो, त्यामुळे मागचे धागे आखूड राहतात. माझ्या आलेखात वळ्या जवळजवळ आडव्या होत्या, म्हणून एकच रंग सलग पंचवीस-तीस टाके चालायचा. दुसरा धागा तेवढा वेळ मागे लोंबकळत राहिला. तो मध्येमध्ये अडकवला तर पुढून ठिपके दिसू लागले, आणि न अडकवता सोडला तर अंगात घालताना बोटे त्यात अडकणार हे दिसतच होते. तुकडा पुरा करून भिंतीवर लावला आणि पाच पावले मागे गेले, तर वाळू कुठेच नव्हती, झेब्रा होता.

रंगांच्या या विणीचा दोष नाही. ती उभ्या आणि तिरक्या आकृत्यांसाठी घडत गेलेली आहे आणि मी तिच्याकडून आडव्या रेघा काढून घेत होते. तुकडा उसवला. उसवलेल्या लोकरीच्या लड्या करून, धुऊन, खाली वजन लटकवून वाळत घातल्या, म्हणजे धाग्यातले वेटोळे जातील.

१५ सप्टेंबर

सुलट विणीच्या तुकड्याची वरची आणि खालची कड पुढच्या बाजूला गुंडाळते, हे प्रत्येक विणणाऱ्याला माहीत असते आणि प्रत्येक जण त्याच्याशी भांडत असतो. या वेळी भांडायचे नाही असे ठरवले. चार ओळी सुलट दिसणाऱ्या, मग चार ओळी उलट दिसणाऱ्या, अशी वीण घातली की सुलट पट्टा आत जातो आणि उलट पट्टा गोल होऊन बाहेर येतो. वळी आपोआप तयार होते, तीही बोटाने चाचपता येईल अशी. मच्छीमारांच्या गॅन्सी स्वेटरांत उलट-सुलट टाक्यांनीच सगळी नक्षी उठवतात, रंगाची मदत घेत नाहीत. ती वाट आधीच धरली असती तर आठ दिवस वाचले असते.

या विणीच्या तुकड्यात १० सेंटीमीटरला टाके २० झाले, म्हणजे रुंदी थोडी वाढली, आणि ओळी ५२ बसल्या. साध्या विणीत ३० बसत होत्या. कापड बाजाच्या भात्यासारखे मिटते, त्यामुळे तेवढ्याच उंचीला पावणेदोन पट ओळी लागतात, लोकरही त्याच प्रमाणात लागते आणि वजनही वाढते. हे आकडे मी वहीत लिहिले खरे, पण त्यांचा अर्थ मला पुढे दोन वेळा चुकून कळला.

१८ सप्टेंबर

तुकडा कोमट पाण्यात भिजवून, नेहमीच्या सवयीने ताणून, पिना टोचून वाळवला. सकाळी पिना काढल्या तर वळ्या गेल्या होत्या. सपाट कापडावर उलट टाक्यांच्या फिक्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. लोकर ओली असताना ज्या आकारात धरावी त्याच आकारात ती वाळते. पुन्हा भिजवून, दोन्ही हातांनी उभे दाबून, पिना न लावता नुसता पसरून ठेवला, तेव्हा बऱ्याचशा वळ्या परतल्या, पण पहिल्याइतक्या उंच नाहीत. यापुढे वळ्यांच्या भागाला पिना नाहीत आणि वाफेची इस्त्रीही नाही.

२१ सप्टेंबर

वाळूतली वळी एका बाजूला झुकलेली असते, ते साधण्यासाठी चुणीची युक्ती करून पाहिली. सहा ओळी विणायच्या, मग सुईवरचा प्रत्येक टाका सहा ओळींखालच्या टाक्याच्या मागच्या फासाबरोबर एकत्र विणायचा. मधले कापड दुमडून बाहेर येते. टेबलावर ठेवल्यावर चुणी झोकात वरच्या बाजूला झुकलेली दिसली आणि मी खूश झाले. मग तुकडा उभा धरला, तर स्वतःच्या वजनाने सगळ्या चुण्या खाली पडल्या. वारा फिरला म्हणायचा! शिवाय एका चुणीला साध्या वळीच्या जवळजवळ दीडपट वेळ लागला. झुकाव सोडून दिला. त्याऐवजी पट्ट्यांची रुंदी असमान ठेवणार आहे : तीन ओळी, पाच ओळी, चार ओळी, क्रम ठरलेला नाही.

२८ सप्टेंबर

खालच्या काठासाठी शेटलंड बेटांवरची ‘ओल्ड शेल’ ही जाळीची वीण घेतली. अठरा टाक्यांची आणि चार ओळींची ही वीण गोल विणताना अशी होते : पहिली आणि दुसरी फेरी सुलट, तिसरीत तीन वेळा दोन टाके एकत्र, मग सहा वेळा धागा पुढे घेऊन एक सुलट, मग पुन्हा तीन वेळा दोन टाके एकत्र, चौथी फेरी उलट. कमी केलेले आणि वाढवलेले टाके बरोबर सहा-सहा असल्यामुळे संख्या अठराच राहते. सगळे वाढवलेले टाके मधोमध आणि सगळे कमी केलेले कडांना असल्यामुळे कापड एकीकडे फुगते, दुसरीकडे आवळते आणि काठ आपोआप नागमोडी होतो. वर वळ्या आणि खाली लाट हे जुळतेच.

घेर ९९ सेंटीमीटर हवा, म्हणजे १९८ टाके, आणि १९८ म्हणजे नेमके अकरा वेळा अठरा. हे ठरवून केलेले नव्हते. सुरुवातीचे टाके सैल घातले, कारण कड घट्ट राहिली तर लाटा उठत नाहीत. तिसऱ्याच पुनरावृत्तीत एक धागा पुढे घ्यायचा राहून गेला आणि दोन फेऱ्यांनंतर लक्षात आला. जाळीत खाली उतरून दुरुस्त करणे मला जमत नाही, म्हणून उसवले. त्यानंतर जाळी विणणाऱ्यांची जुनी सवय पाळते आहे : दर चौथ्या फेरीनंतर सगळ्या टाक्यांतून एक पातळ सुती धागा ओवून ठेवायचा. चूक झाली तर तिथपर्यंतच उसवते.

६ ऑक्टोबर

काठाच्या २४ फेऱ्या झाल्या आणि त्यावर चार वळ्याही झाल्या. तेव्हा कुठे लक्षात आले की एकाच स्वेटरात मी दोन परस्परविरोधी मागण्या ठेवल्या आहेत. जाळीला ओली करून ताणल्याशिवाय तिचे रूप येत नाही, आणि वळ्यांना ताणले की त्या मरतात.

आधी वाटले, फक्त काठ ओला करू. सुती कापड भिजवून पिळून काठाखाली ठेवले आणि काठालाच पिना लावल्या. ओल लोकरीतून हळूहळू वर चढत गेली आणि सकाळपर्यंत खालच्या दोन वळ्या ढिल्या पडल्या. चारही वळ्या उसवल्या, काठाचे १९८ जिवंत, म्हणजे बंद न केलेले, टाके जाड सुती दोऱ्यावर उतरवले आणि एकटा काठ भिजवून, प्रत्येक लाटेच्या टोकाला पिन लावून दोन दिवस वाळवला. मग टाके पुन्हा सुईवर घेतले. ज्यांना असे मिश्र काम करायचे असेल त्यांनी काठ आधी विणून, वाळवून, मगच पुढे जावे. आणखी एक : माझा काठ पहिल्यांदा ताणल्यावर ११५ सेंटीमीटर झाला होता. दुसऱ्या वेळी लाटा रुंदीत न ओढता फक्त खाली ओढल्या, तेव्हा १०० वर आला.

१३ ऑक्टोबर

आजची नोंद मोठी आहे, कारण या कामाचा जीव इथेच आहे.

मध्येच सुरू होऊन मध्येच संपणारी वळी विणायला अर्धवट ओळी लागतात. फेरी चालू असताना ठरावीक ठिकाणी थांबायचे, पुढच्या टाक्याभोवती धागा गुंडाळून काम उलटवायचे, मागे यायचे, पुन्हा तसेच उलटवायचे. दर वेळी चार टाके आधी फिरले की वळी दोन्ही टोकांना निमुळती होते. सपाट विणीत गुंडाळलेला धागा पुढे उचलून लपवावा लागतो, नाहीतर भोक दिसते. उलट टाक्यांच्या पट्ट्यात मात्र तो टाक्यांच्या गाठींत आपोआप मिसळून जातो, म्हणून सगळी वळणे मी उलट पट्ट्यातच ठेवली. पहिल्या प्रयत्नात आतल्या बाजूने परतताना उलटऐवजी सुलट विणायचे असते हे विसरले आणि पट्ट्याचा भलताच पोत झाला. ती चूक पाच मिनिटांत सुटली.

खरी चूक वेगळी होती. फोटोत फाटे बहुतेक उजव्या बाजूला होते आणि मी ते इमानेइतबारे तसेच उतरवले. नवव्या वळीपर्यंत उजव्या बाजूला चार अर्धवट वळ्या झाल्या होत्या आणि डावीकडे एकही नाही. सुईवर काम गोळा झालेले असते, त्यामुळे काही दिसले नाही. आज टाके लांब दोऱ्यावर घेऊन नळी टेबलावर पसरली, तर ती केळीच्या घडासारखी वाकलेली. अर्धवट वळीत आठ जास्तीच्या ओळी असतात, म्हणजे तेवढ्या जागेत कापड दीड सेंटीमीटर लांब होते. चार वळ्यांचे सहा सेंटीमीटर. अंगात घातली असती तर काठ उजवीकडे ओघळला असता.

वाळूला खालीवर कुठेही पसरायला जागा असते. स्वेटरची नळी बंद असते, तिच्यात एका जागी जे घातले त्याची भरपाई दुसऱ्या जागी करावीच लागते. सहा वळ्या, म्हणजे ४८ फेऱ्या आणि वरच्या अर्धवट ओळी उसवून तिसऱ्या वळीवरच्या सुती धाग्यापर्यंत आले. एका फेरीला मला आठ मिनिटे लागतात. सात तास गेले.

१९ ऑक्टोबर

काठाच्या अकरा लाटांनी इथे अनपेक्षित मदत केली. प्रत्येक लाटेच्या वर एक, असे अठरा टाक्यांचे अकरा रकाने मानले, सुईवर रकान्यांमध्ये खुणेच्या कड्या घातल्या आणि वहीत प्रत्येक रकान्याखाली आतापर्यंत विणलेल्या ओळींची संख्या लिहू लागले. (अकरा ही विषम संख्या असल्याने एक रकाना कुशीत दुभागतो, त्याने काही बिघडले नाही.) नियम दोनच ठेवले. शेजारच्या दोन रकान्यांत आठपेक्षा जास्त ओळींचा फरक पडू द्यायचा नाही, आणि काखेशी पोहोचेपर्यंत सगळे रकाने समान व्हायला हवेत.

या नियमांना मुद्दाम एक अपवाद केला. पुढे छातीवरच्या दोन रकान्यांत सोळा आणि मागे पाठीच्या वरच्या भागातल्या तीन रकान्यांत आठ ओळी जास्त राहू दिल्या. शरीर तिथे फुगीर असते आणि कापडाला तिथेच जास्त लांबी लागते. नेहमी हा आकार लपवून द्यावा लागतो. इथे तो वळीचा फाटा म्हणून उघड दिसतो आणि तरीही कोणाला ओळखू येणार नाही. तेरा तारखेला जे नळी वाकवत होते तेच आज माप बसवते आहे, याचा मला फार आनंद झाला.

रंगाची जोडी बदलतानाची बारीक गोष्ट : नव्या रंगाची पहिली फेरी सुलट विणली तर रंगाची रेघ स्वच्छ येते, उलट विणली तर जुन्या रंगाचे ठिपके नव्यात मिसळतात. सहसा ही दुसरी गोष्ट टाळतात. मला ओली वाळू कुठे संपते ते कळायला नको होते, म्हणून प्रत्येक बदल उलट फेरीत केला.

आणि अपेक्षेप्रमाणे लोकर संपत आली आहे. दर फेरीला दीड ग्रॅमहून थोडी जास्त लागते. मध्यम तपकिरी फक्त २२ ग्रॅम उरली. आणखी २०० ग्रॅम मागवली, ती वेगळ्या लॉटची निघाली आणि किंचित पिवळसर आहे. न रंगवलेली लोकरसुद्धा दर लॉटला वेगळी असते. दोन धागे एकत्र धरण्याचा इथे फायदा झाला : एक धागा जुन्या लॉटचा आणि एक नव्याचा धरून पुढची दीड वळी विणली, आणि सांधा शोधूनही सापडत नाही.

२६ ऑक्टोबर

गॅन्सीच्या काखेत पत्त्यांतल्या चौकटीच्या आकाराची कळी, म्हणजे जादा कापडाचा तुकडा, असते. हात वर केला की अंग वर ओढले जात नाही ते तिच्यामुळे. कुशीतल्या एका टाक्यापासून सुरुवात करून दर चौथ्या फेरीला दोन टाके वाढवत १७ टाक्यांपर्यंत नेली. कळी साध्या सुलट विणीत ठेवली, कारण ती काखेत झाकलेलीच राहणार होती.

पंधरा तारखेचे आकडे विसरण्याची ही पहिली खेप. कळीच्या ३२ फेऱ्या साध्या विणीत साडेदहा सेंटीमीटर उंच होतात आणि शेजारच्या वळ्यांच्या विणीत त्याच ३२ फेऱ्या सहा सेंटीमीटरवर मिटतात. परिणामी काखेत लोकरीचे पाकीट तयार झाले. तीन तासांचे काम उसवले आणि वळ्या कळीतूनही तशाच पुढे नेल्या. या विणीच्या शेजारी साधी वीण उभी चालू ठेवायची नाही, आडवी ठेवली तर चालते.

९ नोव्हेंबर

काखेच्या वर पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा, सरळ ओळींत विणला. खांद्यांचे टाके तीन सुयांनी, शिवण बाहेर ठेवून बंद केले; गॅन्सीत ही उठलेली कड मुद्दाम दाखवतात, आणि इथे ती आणखी एक वळी झाली.

बाह्या नसलेला स्वेटर रात्रभर हँगरवर टांगून ठेवला. सकाळी मोजला तर पाच सेंटीमीटर लांब झाला होता, आणि तोही सगळीकडे सारखा नाही. खांद्यापासून एक वीतभर वळ्या जवळजवळ सपाट, काठापाशी मात्र जशाच्या तशा गच्च. वरच्या वळ्या खालच्या सगळ्या कापडाचे ओझे वाहतात, खालच्यांवर काहीच नसते, त्यामुळे ताण वरच पडतो. स्वेटर हँगरवर ठेवणे टाळता येईल, पण माणसाचे खांदे हेही एक हँगरच आहेत.

वरचे नऊ सेंटीमीटर उसवले. तिथे साधी सुलट वीण घातली आणि तीत फक्त पाच अर्धवट वळ्या, एकमेकींपासून दूर, विरत जाणाऱ्या अशा ठेवल्या. दिसायला हे आधीपेक्षा चांगले झाले, कारण फोटोतसुद्धा वळ्यांचा पट्टा अचानक थांबत नाही, पातळ होत जातो. खांद्याच्या शिवणीच्या आणि मागच्या गळ्याच्या आतून न ताणणारी सुती फीत हाताने शिवली. दुसऱ्या रात्री पुन्हा टांगला; या वेळी वाढ दीड सेंटीमीटर. पाच तास गेले, पण हे न करता बाह्या जोडल्या असत्या तर किती गेले असते याचा विचार करवत नाही. बाह्यांचे वजन वेगळे पडणार आहेच.

१८ नोव्हेंबर

गॅन्सीची बाही खांद्याकडून मनगटाकडे विणतात. कोपर आणि मनगट आधी झिजते. खालून उसवता येत असेल तर तेवढाच भाग नव्याने विणता येतो. तेच केले.

बाहीच्या घेरावर टाके उचलताना आकडे दुसऱ्यांदा विसरले. सवयीने दर चार ओळींना तीन टाके उचलत गेले आणि १२६ टाके झाले. सहा सेंटीमीटर विणून झाल्यावर खांद्यावर फुगा उभा राहिला. वळ्यांच्या भागात दर पाच ओळींना दोनच टाके उचलायला हवे होते, आणि वरच्या साध्या भागात चारला तीन. तसे केले तेव्हा पुढून-मागून मिळून ८६ आले, अधिक कळीचे १७. कळीचे टाके पुढच्या फेऱ्यांत कमी करत संपवले.

तिसरी चूक रूपाची. बाहीवरही वळ्या घातल्या होत्या. हाताभोवती गोल गेलेल्या वळ्या कोपराकडे निमुळत्या होत गेल्या आणि घालून आरशात पाहिले तर माझ्या खांद्यातून एक जाडजूड अळी निघाली होती. निसर्गाची प्रेरणा होती, पण मागवली होती ती ही नव्हे. बाही उसवली. आता खांद्याजवळ चार अर्धवट वळ्या फक्त बाहेरच्या अंगाला, एकही पूर्ण वेढा न घालणारी, आणि तिथून खाली साधी वीण. दोन्ही चुकांचे मिळून सहा तास.

११ डिसेंबर

गळ्याभोवती आठ फेऱ्या एक सुलट एक उलट घालून टाके सैल बंद केले. स्वेटर थंड पाण्यात न चोळता भिजवला, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला, मग सपाट पसरून वळ्या बोटांनी एकेक करून जवळ आणल्या. या शेवटच्या कामाला दीड तास लागला आणि तो सोडता येत नाही. मी पाठीचा खालचा कोपरा घाईने सोडला, तिथल्या दोन वळ्या बाकीच्यांपेक्षा पसरट वाळल्या आहेत.

वाळल्यावर वजन ५९० ग्रॅम भरले. एकूण ६५० ग्रॅम घेतली होती. ४५ ग्रॅम नमुन्यांच्या तुकड्यांत आहे, ते उसवणार नाही. वेळ ११० तास, त्यातले ४० तास उसवलेल्या कामाचे. हे विणू पाहणाऱ्याने साध्या स्वेटरच्या दीडपट लोकर एकाच लॉटची आधीच घ्यावी आणि वळ्यांचा तुकडा निदान २० सेंटीमीटर उंच करून तो टांगून पाहावा. माझा तुकडा दहाचा होता आणि टेबलावर पडून होता.

१७ डिसेंबर

आठवडाभर घातला. लांबी आणखी एक सेंटीमीटर वाढून थांबली. बसून उठल्यावर मागच्या खालच्या वळ्या चेपलेल्या असतात, रात्री घडी करून ठेवल्यावर सकाळपर्यंत उठतात. काठाच्या लाटा अजून तशाच आहेत.

डावी बाही उजवीपेक्षा तीन ओळींनी आखूड निघाली. फेऱ्या मोजताना एक रांग चुकली असावी. मनगटाची कड उसवून सुई घातली आहे, आणि फिकट करडीचे जे चार-पाच मीटर उरले आहेत ते त्या तीन ओळींना आणि कडेला पुरतील असे वाटते.